झारची सही, अण्णांचा अर्ज

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या घराच्या वळचणीला लोंबणारे बर्फाचे सुळके ठिबकू लागतात. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर दिवसभर एका लयीत तो आवाज चालू राहतो, आणि चार महिने गोठून पडलेल्या जमिनीतून एक ओला, करपट, काहीसा तंबाखूसारखा वास वर येतो. तो मागच्या ऑक्टोबरात गळलेल्या मेपलच्या पानांचा वास आहे हे मला ठाऊक आहे. तरी दर वर्षी पहिल्या दिवशी, क्षणभर, तो मला संगमनेरच्या विडी कामगार युनियनच्या खोलीत नेऊन उभा करतो. ओल्या पोत्यात गुंडाळलेले तेंदूच्या पानांचे पुडे, चुन्याच्या भिंतीवर पडलेला सकाळचा तिरपा कवडसा, आणि त्या कवडशात, कानावर पेन्सिल अडकवून, टेबलाशी बसलेले माझे वडील.

अण्णा त्या युनियनचे कारकून होते. मोर्चाच्या अग्रभागी ते कधी दिसले नाहीत, व्यासपीठावर कधी चढले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी अर्ज लिहिले. विडी वळणाऱ्या बायकांचे, ओळखपत्राचे, दवाखान्याचे, विधवांच्या पेन्शनचे. अक्षर असं सुरेख आणि ठाशीव, की पाकिटावरचा पत्ता पाहूनच तहसील कचेरीतला शिपाई म्हणे, युनियनचा कागद आला. आणि या कामात त्यांचा एक नेम होता, जो त्यांनी माझ्या माहितीत एकदाही मोडला नाही. लिहून झालेला प्रत्येक अर्ज ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवत, आणि मगच शाईचा पॅड पुढे सरकवत.

"अण्णा, अंगठा घ्या की पटकन. चुलीवर भात ठिवून आलेय मी."

"भात थांबेल. ऐका. अर्जदाराचं संपूर्ण नाव..."

"माझं नाव मला ठावं न्हाई व्हय? तुमी लिवलंय म्हंजे बरुबरच आसंल. इस्वास हाय आमचा."

"विश्वास आहे म्हणूनच वाचतोय," अण्णा चष्म्यावरून बघत म्हणत. "नसता, तर तुम्हीच वाचायला लावलं असतं."

मग खाली त्यांचं नेहमीचं वाक्य येई: मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य आहे. त्यानंतर निळा अंगठा. ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की माझ्या लेखी ते त्या खोलीच्या वासाचाच एक भाग होऊन गेलं, आणि वासांकडे आपण जितकं लक्ष देतो तितकंच लक्ष मी त्याच्याकडे दिलं.

रविवारी सकाळी त्याच खोलीत अभ्यासवर्ग भरे. अण्णा तरुणपणापासून कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. सभासदत्वाचं दर वर्षी नूतनीकरण होई आणि त्या दिवशी ते गुळगुळीत दाढी करून, एरवी लोक देवळात जाताना घालतात तसा इस्त्रीचा सदरा घालून जात. वर्गाला बायका यायच्या त्या मांडीवर सुपं घेऊनच. हात थांबवणं कुणालाच परवडणारं नव्हतं, तेव्हा जगाचा इतिहास त्या विड्या वळता वळता ऐकत. मार्च उजाडला की रशियाचा पाठ निघे. तिकडची दिनदर्शिका त्या काळी जगाच्या तेरा दिवस मागे होती, म्हणून तिथल्या फेब्रुवारीतली क्रांती बाकीच्या जगात मार्चमध्ये घडली, हे अण्णा दर वर्षी नव्यानं शोध लागल्यासारखं सांगत.

राजधानीत पावासाठी रांगेत ताटकळलेल्या बायका, कापडाच्या कारखान्यांतून रस्त्यावर उतरलेल्या बायका, इथून सुरुवात होई, आणि इथे सुपांवरचे हात क्षणभर थांबत. मग गोळी झाडायला नकार देणारे शिपाई. मग लष्करी तळावरून राजधानीकडे निघालेली झारची आगगाडी, पुढचे रूळ अडवलेले म्हणून वाट बदलत बदलत एका लहानशा शहराच्या स्टेशनात येऊन थांबलेली. बाहेर बर्फ. बर्फ आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता, अण्णांनीही नाही. पण ते तो असा सांगत, की उन्हानं तापू लागलेल्या त्या खोलीत बायका पदर सावरून घेत.

"तीनशे वर्षांची राजसत्ता," अण्णा कानावरची पेन्सिल काढून उंच धरत, "एका कागदावर संपली. आणि त्या कागदावर झारनं सही केली ती कशानं? अशा पेन्सिलीनं."

हा त्यांचा आवडता प्रसंग. पण त्यांचा खरा रोख पुढच्या गोष्टीवर असे. त्या दिवशी दुपारपर्यंत झार आपल्या मुलाला गादी द्यायला तयार झाला होता. मुलगा बारा वर्षांचा, रक्ताच्या आजारानं पिडलेला. साधं खरचटलं तरी जिवावर बेते. झारनं वैद्याला बोलावून विचारलं. हा आजार बरा होणारा नव्हता, आणि गादी सोडलेल्या बापाजवळ नव्या राजाला कुणी राहू देईल अशी आशाही नव्हती. तेव्हा संध्याकाळ होईपर्यंत मजकूर बदलला. झारनं स्वतःच्या वतीनं गादी सोडली, मुलाच्याही वतीनं सोडली आणि ती धाकट्या भावाच्या नावे केली. कारण कागदातच दिलेलं: लाडक्या मुलापासून दूर होण्याची इच्छा नाही.

इथे अण्णा थांबत आणि वर्ग हसे. साम्राज्य बुडतंय आणि याला लेकाची पडलीय, असं ते हसू. एक कमलबाई तेवढ्या हसत नसत. पन्नाशीच्या, काळ्याभोर, कपाळावर रुपयाएवढं गोंदण, विडीला दोरा गुंडाळत खाली मान घालूनच त्या म्हणत, "हसता काय गं? राजा आसंल, पर बाप बी हायेच की त्यो."

"कमलबाई," अण्णा म्हणत, "त्याच्या लढाईत लाखो बापांची पोरं खंदकात मेली. त्या बापांना कुणी विचारलं होतं? आणि मुलाच्या हक्काचा कागद मुलाला विचारला नाही, वाचून दाखवला नाही, परस्पर सही! आपल्या युनियनमध्ये चालेल हे?"

"तुमच्याफुडं कोण बोलणार बाबा," कमलबाई म्हणत, आणि विडीचं तोंड नखानं दुमडता दुमडता, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू, "पर बाप हाय."

दर वर्षी हेच. एखाद्या कीर्तनातल्या ठरलेल्या जागेसारखं सगळे त्या संवादाची वाट बघत. मग दुसऱ्याच दिवशी गादी नको म्हणणारा धाकटा भाऊ येई, मग डळमळतं हंगामी सरकार, मग नोव्हेंबर, लाल निशाण, आणि कष्टकऱ्यांचं राज्य.

मी अकरावीत असताना ते राज्यही कोसळलं. पक्षाच्या कार्यालयात बरेच दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. अण्णांनी मात्र पुढच्या मार्चमध्ये आपल्या पाठाला एक नवा भाग जोडला, त्यासाठी त्यांनी महिनाभर कुठून कुठून पुस्तकं मागवून वाचली होती. त्या नव्या राज्यात, त्यांनी सांगितलं, माणसाला जागोजागी अर्ज भरावे लागत, आणि त्यात एक रकाना असे: क्रांतीपूर्वी तुझा बाप कोण होता? जमीनदार असेल, धर्मगुरू असेल, झारचा अंमलदार असेल, तर मुलाच्या शिक्षणाची वाट बंद, नोकरीची बंद. मग मुलं त्या रकान्यात खोटं लिहीत. काही तर वर्तमानपत्रात निवेदन छापत, की या माणसाशी माझं नातं उरलेलं नाही. पक्षातले एक जण चिडून उठले, अण्णा, तुम्ही विरोधकांची भाषा बोलताय म्हणाले. अण्णा म्हणाले, "रकाना ज्यानं छापला तो तर दोषी आहेच. भरणाऱ्याला काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही." त्या दिवशी वर्ग लवकर सुटला. मी अठराव्या वर्षाकडे झुकलेल्या मुलाच्या निष्ठुर स्पष्टपणानं घरी जाताना म्हणालो, "त्यात ठरवायचं काय? भेकड होते." अण्णा चालत राहिले.

आता माझ्या रकान्याकडे यायला हवं. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरतो आहे, हे मलाही कळतं आहे.

आई गेली त्यानंतर दोन वर्षं अण्णा संगमनेरला एकटे राहिले. एकदा न्हाणीत पडले आणि दूधवाल्यानं हाक मारेपर्यंत तिथेच होते. ते त्यांनी मला सहा महिन्यांनी सांगितलं, तेही विनोद म्हणून. मी तेव्हा इथला नागरिक झालो होतो, त्यांना कायमचं आणू शकत होतो. त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. "येतो," म्हणाले, "नात मोठी होतेय आणि मला ती फोनवर फक्त कपाळापर्यंत दिसते."

ऑक्टोबरातला रविवार होता, दुपार. खिडकीबाहेर मेपलचं झाड पेटल्यासारखं लाल. माझी मुलगी ईरा, तेव्हा आठ वर्षांची, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भोपळ्याचं चित्र रंगवत होती, आणि मी लॅपटॉपवर अण्णांचा अर्ज भरत होतो. नाव, गाव, आईचं माहेरचं नाव, आजवरचे सगळे पत्ते. अण्णांचा पत्ता जन्मभर एकच. शेवटी सुरक्षेसंबंधीचे प्रश्न आले. तुम्ही कधी माणसांची तस्करी केली आहे काय? नरसंहारात भाग घेतला आहे काय? छळ केला आहे काय? मी एकेकाला नाही म्हणत खाली सरकत होतो, आणि त्याच रांगेत, त्याच टायपात तो प्रश्न होता: तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता काय?

'हो' लिहिलं तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो, हे मी ऐकून होतो. फोन शेजारीच होता. भारतात लोक निजले होते. पण सकाळी विचारू, एवढं म्हणणं काही अवघड नव्हतं. मी कर्सर 'नाही'वर नेला आणि दाबला. वेळ लागला नाही. ईरानं विचारलं, "बाबा, पम्पकिनला डोळे ट्रायँगल काढू की राउंड?" मी म्हणालो, राउंड.

दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला. "अर्ज भरलास?"

"भरला."

"नीट भरलास ना? वाचून दाखव की."

मी हसलो. मला ते हसू अजून ऐकू येतं. "अण्णा, केवढी तरी पानं आहेत, सगळी इंग्रजीत. तुमचं नाव-गाव-जन्मतारीखच आहे सगळीकडे. विश्वास नाही का माझ्यावर?"

पलीकडे एक रिक्षा गेली, तिचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं."

ज्या माणसानं चाळीस वर्षांत एकाही बाईचा अंगठा न वाचता घेतला नाही, त्या माणसाची संमती मी अशी घेतली. मुंबईच्या वकिलातीत ते एकटेच गेले. फोनवर मी विचारलं, कसं झालं, तर म्हणाले, "बाई सभ्य होत्या. उजवा हात वर करायला लावला. अर्जात लिहिलंय ते सगळं खरं आहे अशी शपथ घेतली. झालं." काही विचारलं का, म्हटलं. "विचारलं की. मुलगा काय करतो."

अण्णा आमच्याकडे आले आणि आठ वर्षं राहिले. त्यांना बर्फ आवडला. पहिल्या हिवाळ्यात ते माझे जुने बूट घालून अंगणात उभे राहिले आणि कितीतरी वेळ नुसते पायाखालचा आवाज ऐकत होते. मार्चमध्ये इथे घड्याळं तासभर पुढे करतात याचं त्यांना भारी कौतुक. "रशियावाले कॅलेंडरातून तेरा दिवस गिळून मोकळे झाले, हे एक तासावर भागवतात," असं म्हणून ते आपल्या मनगटावरचं घड्याळ मोठ्या समारंभानं फिरवत. क्विन्सिगामंड तळ्याच्या काठानं कानटोपी घालून फिरायला जात, आणि तिथे भेटणाऱ्या इतर आजोबांमध्ये राजकारण निघालं की गप्प बसत. हे मला माधवीनं, माझ्या बायकोनं, सांगितलं. "अण्णा तिकडे काहीच बोलत नाहीत रे. जोशीकाकांनी डिवचलं तरी नुसते हसतात. तू काही म्हणालास का त्यांना?" मी म्हणालो, मी काय म्हणणार? आणि ते खरंच होतं. मी काहीच म्हणालो नव्हतो.

मधल्या एका वर्षी कुणाच्या तरी घरी संक्रांतीच्या जेवणात एक इमिग्रेशन वकील भेटला, नागपूरकडचा, गप्पिष्ट. बोलता बोलता मी कुण्या मित्राची म्हणून गोष्ट त्याच्यापुढे टाकली. तो तिळगूळ चघळत म्हणाला, "अरे यार, त्यात काय. सिटिझनच्या पेरेंट्ससाठी वेव्हर असतो, सूट मागता येते. हो म्हणायचं, एक्सप्लेन करायचं, थोडे महिने एक्स्ट्रा. मोस्टली होऊन जातं. तुझ्या मित्रानं काय केलं?" मी म्हणालो, माहीत नाही.

त्या संध्याकाळी गाडी चालवत घरी येताना मला हळूहळू उमगत गेलं, की सरकारच्या उत्तराची भीती मला नव्हतीच. असती तर मी ऑक्टोबरातच वकील गाठला असता. मला भीती होती ती अण्णांच्या उत्तराची. मी फोन करून विचारलं असतं आणि ते म्हणाले असते, 'हो लिही, आणि नाही म्हणाले तर मी इथे बरा आहे,' तर? त्यांच्या लेखी मी आधी की ते पक्षाचं लाल कार्ड आधी, हे कळण्याची पाळी माझ्यावर आली असती. मी प्रश्नच विचारला नाही आणि उत्तर मात्र त्यांच्या नावावर लिहून टाकलं.

ईरा अकरावीत गेली तेव्हा तिला शाळेत इतिहासाचा निबंध आला: विसाव्या शतकातली एखादी घटना तुमच्या कुटुंबापर्यंत कशी पोचली? तिनं रशियन क्रांती घेतली. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर, ताटांच्या मध्येच फोन रेकॉर्डिंगला लावून, ती अण्णांच्या समोर बसली. माधवी भाकऱ्या करत होती, मी पिठलं वाढत होतो.

"ओके आजोबा. सो, यू टॉट धिस, राइट? त्या विडी लेडीजना?"

"शिकवत नव्हतो ग. आम्ही मिळून वाचायचो."

"अँड वेअर यू, लाइक, अ‍ॅक्च्युअली अ मेंबर? ऑफ द पार्टी? कॅन आय राइट दॅट?"

तिच्या प्रश्नात काही नव्हतं, निखळ कुतूहल होतं, किंचित अभिमानही. पण माझ्या हातातली पळी थांबली, आणि अण्णांनी तोंड उघडायच्या आत मी बोलून गेलो, इंग्रजीत, जरुरीपेक्षा मोठ्यानं: नाही, नाही, ते फक्त ऑफिसात काम करायचे. त्यांना वाचनाचा नाद होता, इतकंच.

माधवीनं तव्यावरून मान वळवली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ताटाशेजारी ईराची पेन्सिल पडली होती, ती त्यांनी उचलली, बोटांत फिरवली, आणि म्हणाले, "वाचक होतो. तसं लिही. रीडर."

"जस्ट रीडर?"

"रीडर."

तिनं लिहून घेतलं. त्याच्यानंतर ते पाठ सांगू लागले, पावाच्या रांगेपासून, मोडक्या इंग्रजी-मराठीत, मध्ये मध्ये भाकरीचा तुकडा मोडत. आगगाडी स्टेशनात थांबली. त्यांनी पेन्सिल उंच धरली.

"वेट, पेन्सिल? लाइक, रिअल पेन्सिल? यू कॅन जस्ट इरेज इट!"

"हो ना," अण्णा म्हणाले. "पण नाही पुसता आली."

आणि ते त्या जागी आले, जिथे वर्ग हसायचा. दुपारी मुलाच्या नावे असलेली गादी संध्याकाळी मुलाच्याही वतीनं सोडलेली. लाडक्या मुलापासून दूर होण्याची इच्छा नाही. मी हसण्याच्या तयारीत होतो, निदान अण्णांच्या एखाद्या हलक्या शब्दाची वाट बघत होतो, कारण तो शब्द माझी सुटका करणार होता. अण्णा थांबले. पिठल्याची वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली होती ती त्यांनी पुसली नाही.

"आमच्या वर्गात कमलबाई म्हणून होत्या," ते ईराला म्हणाले. "त्या म्हणायच्या, राजा असला तरी बाप आहे. मी दर वर्षी त्यांना गप्प करायचो. फार वर्षं केलं." मग, "सही चुकीचीच होती. दुसऱ्याच्या नावानं परस्पर सही करायची नसते, बापानंही नाही आणि मुलानंही नाही. पण दूर व्हायची इच्छा नव्हती, हे खोटं नव्हतं. कमलबाईंचं बरोबर होतं."

"दॅट्स सो सॅड," ईरा म्हणाली, आणि विचारलं, "मग पुढे?"

"पुढे भाऊ नको म्हणाला," अण्णा म्हणाले. "भाकरी वाढ रे."

मी भाकरी वाढली. मी त्यांच्या इतक्या जवळ वाकलो होतो, की त्यांच्या सदऱ्याचा साबणाचा वास मला आला. मुलानंही नाही, हे त्यांनी कुणासाठी म्हटलं ते मला कळलं होतं. मला कळलं आहे हे त्यांनाही कळलं असावं. शपथेसाठी हात वर करताना ते काय करत होते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. फोनवरच्या त्या माझ्या हसण्यातच त्यांनी अर्ज वाचला होता. मी त्यांना फसवलं असं मी इतकी वर्षं समजत होतो, आणि त्या अपराधाची मला एव्हाना सवयही झाली होती. पण मी त्यांना फसवलं नव्हतं. मी त्यांना खोटं बोलायला लावलं होतं, आणि ते बोलले होते. तेव्हा वकिलातीत, आणि आज पुन्हा, स्वतःच्या नातीसमोर. अजूनही मी काही बोलू शकत होतो. मी विचारलं, पिठलं हवंय का.

मागच्या वर्षी जानेवारीत अण्णा गेले, झोपेत, फारसा त्रास न होता. जमीन दगडासारखी होती आणि आकाश निळंशार. चार मराठी कुटुंबं जमली त्या सभेत ईरानं आपल्या निबंधातला एक परिच्छेद वाचला. माझे आजोबा एका लहान गावात वाचक होते, अशी त्याची सुरुवात. सगळ्यांना ते वाक्य फार आवडलं. किती सुंदर शब्द निवडलाय, जोशीकाका मला म्हणाले.

ईरा आता कॉलेजात आहे, इतिहासच शिकते. या आठवड्यात सुट्टीवर आली आहे. तो निबंध वाढवून तिला विद्यापीठाच्या एका विद्यार्थी-अंकात द्यायचा आहे. काल सकाळी स्वयंपाकघरात बसून तिनं विचारलं, आजोबांबद्दल आणखी काही सांगण्यासारखं आहे का. बाहेर सुळके ठिबकत होते. खिडकी बोटभर उघडी होती आणि तो वास आत येत होता. आता त्यांना कुठेही परत पाठवता येणार नाही, हा पहिला विचार माझ्या मनात आला, आणि त्याची मला लाज वाटली. पण त्या लाजेनंच तोंड उघडलं असावं. मी तिला सांगितलं. ऑक्टोबर, रकाना, फोनवरचं 'बरं', सगळं, इथे लिहिलं तसंच, फक्त याहून वाईट भाषेत आणि अधिक घाईनं.

मी कायद्याबद्दल काही बोलू लागलो, तर तिनं हात वर केला.

"बाबा, डिड यू एव्हर आस्क हिम?"

"नाही."

"नंतर पण नाही? एट इयर्स?"

"नाही."

"ही वॉज राइट देअर," ती म्हणाली. रागावून नव्हे, नकाशावर एखादं गाव दाखवावं तसं. समोरच्या खुर्चीकडे तिनं पाहिलं. अण्णांची खुर्ची ती. मग तिनं लॅपटॉप उघडला, निबंधाचं पहिलं वाक्य काढलं, आणि 'रीडर' या शब्दापाशी कर्सर नेऊन ठेवला. तो तिथे उघडमीट करत राहिला.

"मग मी इथे काय लिहू? तू सांग. मेंबर लिहू?"

खरं तर उत्तर सोपं होतं. पण वाचक हा शब्द अण्णांनी स्वतः दिलेला होता, माझ्यामुळे दिलेला असला तरी; आणि सभासद हा शब्द त्यांनी जन्मभर इस्त्रीच्या सदऱ्यासारखा जपलेला होता. त्यांच्या वतीनं यातला एक पुसायचा आणि एक ठेवायचा, हे मी याआधी एकदा केलं होतं. माझ्या तोंडाशी शब्द आला आणि मी तो तिथेच थांबवला. हे थांबणं मला कुणीतरी फार लहानपणी शिकवलं होतं, असं वाटलं.

"आधी वाचून दाखव," मी म्हणालो.

"व्हॉट, द होल थिंग?"

"सगळं. पहिल्यापासून. मोठ्यानं."

तिनं खांदे उडवले, खुर्ची पुढे ओढली, गळा साफ केला. माधवी दारात येऊन उभी राहिली. वळचणीवरून एक सुळका निखळून खाली पडला, आणि ईरा पहिल्या ओळीपासून वाचू लागली.